आधी ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

कॉन्टेसा ही गाडी कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची. हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ साली बाजारात आणली. मूळ घाट इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. तिकडे ती मालिका १९७८मध्येच संपली होती, तिचे साचे इथे आले. सुरुवातीच्या कॉन्टेसात ॲम्बॅसॅडरचंच १४८९ सीसीचं इंजिन असायचं, पन्नासेक अश्वशक्तीचं. एवढं लांबरुंद धूड त्या इंजिनाला झेपत नसे. मग जपानच्या इसुझूशी करार झाला आणि १८१७ सीसीचं, ८८ अश्वशक्तीचं इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट आलं. कॉन्टेसा खरी धावू लागली ती तेव्हापासून. आणि हे इंजिन उत्तरपाड्यात बनत नव्हतं. ते बनायचं आमच्याकडे, धार जिल्ह्यात, पीथमपूरला.

घर इंदूरला, राजेंद्रनगरात. पण मी स्वतःला पीथमपूरचाच माणूस समजतो. नोकरीची सगळी वर्षं राऊवरून कंपनीच्या बसने सेक्टर एकमध्ये जाऊन-येऊन काढली. कारखाना सुट्या भागांचा होता आणि माझं काम होनिंगचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला शेवटचा हात देण्याचं. महूजवळचा हा माळ १९८०च्या दशकात कारखान्यांनी भरत गेला. धार मागास जिल्हा म्हणून सवलती होत्या, आणि त्याच सुमाराला जपानी कंपन्यांशी करारांची लाट आली होती. आयशरने मित्सुबिशीबरोबर ट्रक काढले, कायनेटिक होंडाची स्कूटर इथे बनू लागली, बजाज टेम्पो आली, हिंदुस्थान मोटर्स आली. टेम्पो पुण्याची आणि कायनेटिकवाले फिरोदिया नगर-पुण्याचे, त्यामुळे त्या भागातली कितीतरी मराठी माणसं बिऱ्हाड घेऊन इकडे आली. होळकर-पवारांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या आमच्यासारख्यांची आणि त्यांची ओळख मशीनवरच झाली. मला ही जागा प्रिय आहे. म्हणून धारच्या एका काकूंनी त्यांच्या दारातल्या कॉन्टेसाबद्दल विचारलं, तेव्हा मी गाडी बघायच्या आधीच मनाने हो म्हटलं होतं.

गाडी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची, पांढरी, १.८ इंजिनाची. काका वकील होते. ते गेल्यावर ती मागच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. मुलगा बंगळूरला. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. काकूंचं म्हणणं साधं होतं : नुसती चमकवून ठेवायची नाही, मला तिच्यात बसून मांडूला जायचंय.

या वाक्याने काम ठरतं. जुनी गाडी दुरुस्त करण्याच्या दोन वाटा आहेत आणि लोक त्या नेहमी एकमेकींत मिसळतात. प्रदर्शनात ठेवायची गाडी वेगळी. तिथे मूळ स्क्रू, मूळ रंग, मूळ कापड यांना मान असतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीला पहिला प्रश्न विचारायचा तो असा : हिच्यात माणूस बसला तर तो सुखरूप परत येईल का? ज्या क्रमाने गाडी जीव घेऊ शकते, त्याच क्रमाने तिचं काम करायचं. म्हणजे आधी पत्रा आणि सांगाडा, मग ब्रेक, मग स्टेअरिंग आणि चाकं, मग वायरिंग आणि पेट्रोलची वाट, आणि त्यानंतर इंजिन. रंग शेवटी. प्रत्यक्षात बहुतेक जण उलटं करतात. नवी बॅटरी लावतात, स्टार्टर मारतात, इंजिनने एकदा धूर ओकला की टाळ्या. मला त्या टाळ्यांची भीती वाटते. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या सिलिंडरमध्ये स्टार्टरने पिस्टन ओढला की रिंगा अडकून तुटतात, गंजाचा कण भिंतीवर ओरखडा पाडतो, आणि शंभर रुपयांच्या ऑइलने वाचलं असतं ते हजारोंवर जातं.

धारहून गाडी आम्ही सपाट ट्रकवर घालून घाटाबिल्लोदमार्गे पीथमपूरला आणली. सागौरच्या वाटेवर एक शेड भाड्याने घेतलेली आहे. दोरी बांधून ओढून आणण्याचा सल्ला बरेच जण देतात. ज्या गाडीच्या ब्रेकचा भरवसा नाही तिला दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून हमरस्त्यावर आणणं मला पटत नाही.

चार घोड्यांवर गाडी चढवली आणि पहिला दिवस हातात लोहचुंबक घेऊन तिच्याभोवती फिरलो. कॉन्टेसाला वेगळी चासी नसते. मजला, दारांखालची सिल, पुढच्या आणि मागच्या पत्र्याच्या पेट्या मिळून एकच सांगाडा होतो. त्यामुळे खालचा पत्रा कुजला की गाडीचं बळच जातं, नुसतं रूप नाही. चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. दोन्ही सिलमध्ये चुंबक सरळ घसरून खाली पडला. कुणीतरी पूर्वी भोकं झाकून वर रंग मारला होता. ड्रायव्हरच्या पायाखालचा मजला स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आरपार गेला. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि दिवाळी उलटेपर्यंत सोडत नाही. अशा मातीवर उभी राहिलेली गाडी वरून कोरडी दिसते, पण खालून सतत वाफ घेत असते. त्यात कडुलिंबाचा पाला दारांच्या खालच्या निचऱ्याच्या भोकांत बसतो, मग आतलं पाणी आतच. गाडी झाडाखाली ठेवणाऱ्यांनी निदान ती भोकं तरी तारेने मोकळी करत राहावी.

जिथे पुढचं सस्पेन्शन सांगाड्याला धरलेलं असतं ती जागा मात्र शाबूत निघाली. ती कुजलेली असती तर मी काकूंना स्पष्ट सांगितलं असतं की हिला सोडून द्या. प्रत्येक जुनी गाडी वाचवायलाच हवी असं मी मानत नाही. काही गाड्यांमधून सुटे भाग काढून दुसऱ्या दोन गाड्या जगवणं जास्त बरं.

इंदूरच्या डेंटरने, ज्याला आम्ही सगळे भियाच म्हणतो, कुजलेला पत्रा चांगला धातू लागेपर्यंत कापून काढला. वरून ठिगळ लावायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. २० गेजचा सीआरसी पत्रा वाकवून सिल नव्याने घडवली आणि सीओटू वेल्डिंगने जोडली. गॅस वेल्डिंगची ज्योत मोठ्या भागावर उष्णता पसरवते आणि पातळ पत्रा लाटा खातो. सीओटूत ठिपक्या-ठिपक्याने, मध्ये थंड होऊ देत जोडता येतं. सिल कापण्याआधी दारं बंद ठेवून फटी मोजल्या आणि आत आडवे पाइप वेल्ड करून सांगाडा धरून ठेवला. नाहीतर सिल निघाली की मधोमध गाडी बसते आणि मग एकही दार धड लागत नाही. भियाने हे काम ज्या संयमाने केलं तो संयम आता विकत मिळत नाही. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत मोठा खर्च पत्र्याचाच झाला, इंजिनपेक्षाही जास्त. जुनी गाडी विकत घेताना लोक इंजिनचा आवाज ऐकतात. त्यांनी गाडीखाली आडवं होऊन बघावं.

आता ब्रेक. उभ्या गाडीत सगळ्यात गुपचूप बिघडतात ते ब्रेक. ब्रेक ऑइल म्हणतात त्या द्रवाला हवेतलं पाणी शोषून घ्यायची सवय असते. डॉट ३ प्रतीचा नवा द्रव २०५ अंशांच्या पुढे उकळतो. पाणी मुरलेल्या द्रवाची किमान अट १४० अंशांची आहे, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेला द्रव त्याच्याही खाली जाऊ शकतो. घाट उतरताना ब्रेक तापले की हे पाणी उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पेडल जमिनीला टेकतं आणि चाकांवर काहीच पोचत नाही. आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूरच्या पुढे, आमच्या धार जिल्ह्यातच, गणेश घाट आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकांनी तिथे किती घरं उजाड केली ते या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याने तो उतार पाहिलाय तो ब्रेकच्या कामात काटकसर सुचवणार नाही.

तेच पाणी आतून सिलिंडरही खातं. मागच्या दोन्ही ड्रमांमधले व्हील सिलिंडर गंजाने जाम झाले होते, मास्टर सिलिंडरच्या आत खड्डे पडले होते. नुसतं रबराचं किट बदलून काम भागतं असं सांगणारे खूप भेटतात. खड्डे पडलेल्या भिंतीवर नवं रबर बसवलं तर ते थोड्याच दिवसांत कापलं जातं. आम्ही मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी होज आणि स्टीलच्या नळ्या, सगळं नवं घातलं. होज बाहेरून ठीक दिसते आणि आतून सुजून एकमार्गी झडप होऊन बसते : पेडल दाबलं की द्रव जातो, सोडलं की परत येत नाही, चाक अडकलेलं राहतं. हँडब्रेकची तार बदलली. चाकांची बेअरिंगं धुऊन नव्या ग्रीसमध्ये भरली, सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट बदलले. टायरांवर नक्षी भरपूर शिल्लक होती आणि काकूंच्या मुलाला वाटत होतं की ते चालतील. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचून दाखवल्यावर त्यानेच नवे मागवले. रबर न वापरताही म्हातारं होतं.

पीथमपूरजवळच नॅट्रॅक्स आहे, सरकारी वाहनचाचणी केंद्र. तिथला ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा लंबगोल ट्रॅक जून २०२१मध्ये सुरू झाला. नवी गाडी बाजारात येण्याआधी तिला ओल्या रस्त्यावर, उतारावर, खड्ड्यांत, अचानक ब्रेक मारून तपासायच्या सोयी तिथे आहेत. जुन्या गाडीसाठी असलं काही कुणी करत नाही. ते आपणच करायचं असतं. रविवारी सेक्टरमधले रस्ते मोकळे असतात. आधी चालण्याच्या वेगाने, मग वीस, मग चाळीस, असा वेग वाढवत मी प्रत्येक वेळी ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का डावी-उजवीकडे ओढते ते बघितलं, आणि थांबल्यावर चारही चाकांचं तापमान घेतलं. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथे काहीतरी घासतंय. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा गाडी स्वतःच्या इंजिनवर धावत होती.

इंजिनवर मी रेंगाळणार आहे, कारण तो माझा विषय आहे.

प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडलं आणि आठवडाभर हात लावला नाही. मग क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून हाताने हळूहळू फिरवलं. फिरलं. त्या क्षणी शेडमध्ये दोन-तीन जुने सहकारी होते आणि आम्ही कुणीच काही बोललो नाही, सरळ जुनं ऑइल काढायला लागलो. पुढे कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर दहा किलोच्या आसपास, एक जेमतेम पाच. आता हवा निसटते कुठून? यासाठी एक सोपी परीक्षा आहे आणि ती कुणालाही करता येते. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा वर गेला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे दोष रिंग किंवा सिलिंडरच्या भिंतीचा. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाही. आमचा आकडा वर गेला.

हेड उतरवल्यावर कारण दिसलं. इंजिन बंद पडतं तेव्हा एखाद्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि त्यातून पावसाळी हवा आत शिरते. पिस्टन जिथे थांबला होता बरोब्बर तिथे भिंतीवर गंजाचं वर्तुळ उमटलं होतं. मूळ बोअर ८४ मिलिमीटर. गंज पुसून निघण्यापलीकडे गेला होता, आणि एका सिलिंडरला मोठा पिस्टन घालायचा तर चौघांना घालावा लागतो, नाहीतर वजनं बिघडतात. चारही सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने वाढवले.

बोअरिंग झालं म्हणजे सिलिंडर तयार झाला असं नव्हे. बोअरिंगच्या हत्याराने पडलेली भिंत कितीही गुळगुळीत वाटली तरी तिच्यावर आडव्या कड्या असतात. होनिंगमध्ये घासणीचे दगड गोल फिरता फिरता वर-खाली जातात आणि भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी पडते. दोन रेषांमधला कोन साधारण ४५ ते ६० अंश. ही जाळी म्हणजेच त्या इंजिनाचं आयुष्य. बारीक चरांमध्ये ऑइल धरून राहतं आणि रिंग त्याच्यावर तरंगते. रेषा फार आडव्या पडल्या तर ऑइल वर चढून जळतं, निळा धूर येतो. फार उभ्या पडल्या तर ऑइल टिकत नाही, रिंग कोरडी घासते. भिंत आरशासारखी केली तर रिंग भिंतीशी जुळवूनच घेत नाही, आणि नवं इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल पितं. कारखान्यात आम्ही ही जाळी रोज बघायचो, तरी नवीन आलेल्या पोराला डोळे सरावायला महिने लागायचे. इंदूरच्या ज्या मशीन शॉपमध्ये हा ब्लॉक नेला, तिथला होनिंगवरचा मुलगा पीथमपुरातच शिकलेला निघाला. त्याने दगड लावण्याआधी बोअर तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजून वहीत लिहिला. ती वही पाहून मी निर्धास्त झालो.

होनिंगनंतर ब्लॉक धुवायचा, आणि डिझेलने नाही. दगडाची भुकटी त्या चरांमध्ये रुतून बसते, डिझेल तिला हलवत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश. पांढरं फडकं भिंतीवर पुसून ते पांढरंच राहीपर्यंत धुवायचं आणि लगेच ऑइल लावायचं, कारण उघडी भिंत काही मिनिटांत गंज धरू लागते. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं, आणि मग नव्या रिंगा वर्षभरात झिजल्या म्हणून कंपनीला दोष दिला जातो.

हेड उघडलंच होतं, तर व्हॉल्व्हच्या सीटही कठीण धातूच्या बसवून घेतल्या. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. ते शिसं सीटना झिजण्यापासून वाचवायचं. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. मुलांच्या रक्तात शिसं जाणं थांबलं, त्यामुळे तो निर्णय योग्यच होता. जुन्या इंजिनाने त्याच्याशी जुळवून घ्यावं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्याचं दुखणं दोन प्रकारचं. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे टाकी आणि कार्बोरेटर आतून गंजतात, आणि जुन्या रबराच्या नळ्या मऊ पडून पाझरतात. दुसरं, इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते कळायचं साधन नाही. आम्ही टाकी उतरवून धुतली, आतून लेप दिला, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या घातल्या आणि कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा केला. आणि काकूंना सांगितलं की टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

सुट्या भागांची चिंता लोकांना वाटते तेवढी करायचं कारण नाही, निदान इंजिनपुरती. हेच इसुझू इंजिन पुढे ॲम्बॅसॅडर १८०० आयएसझेडमध्ये बसलं, आणि त्या गाड्या सरकारी दिमतीला आणि टॅक्सीत भरपूर धावल्या. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गास्केट दिल्लीच्या कश्मीरी गेटला अजून मिळतात. कोलकात्याचा मलिक बाजार हिंदुस्थान मोटर्सच्या गाड्यांसाठी आजही खात्रीचा. मुंबईत कुर्ल्याला खटपट केली तर दिव्याची काच, दाराचं हँडल हाती लागतं. अडतं ते रबर आणि काचांपाशी. पुढची काच फुटली तर तशी काच शोधण्यात ऋतू जातो. म्हणून ती काढताना भियालाही मी घाई करू दिली नाही. २०१४च्या मे महिन्यात उत्तरपाड्याला ॲम्बॅसॅडरचं उत्पादन थांबलं, कॉन्टेसा तर २००२मध्येच संपली होती. आता जे आहे ते गोदामांत आणि माणसांच्या हातांत. माझ्या मते त्यातलं जास्त मोलाचं हातांमधलं आहे.

वायरिंगवर उंदरांनी ताव मारला होता. तुकडे जोडत बसण्यापेक्षा पूर्ण हार्नेस नवा बांधून घेतला, हेडलाइटला रिले घातले, फ्यूज वाढवले. जुन्या गाड्या जळतात त्या बहुधा एखाद्या उघड्या तारेमुळे आणि पाझरणाऱ्या पेट्रोल नळीमुळे. दोन्ही एकाच वेळी नव्या केल्या की मनावरचं ओझं उतरतं. पुढच्या सीटचे पट्टे आणि मागे तीन पट्टे बसवले. नव्या गाड्यांना पुढचे पट्टे १९९४ला सक्तीचे झाले. ही गाडी त्याच्या आधीची, पण म्हणून काकूंना पट्ट्याशिवाय बसवण्यात काय अर्थ? सीटचं रेक्सिन धारच्याच कारागिराने शिवलं. रंग पांढराच ठेवला.

कागदपत्रांचं शेवटी लिहितोय, पण ती आधी बघावीत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. त्याचं शुल्क एप्रिल २०२२मध्ये कारसाठी ५००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. मुदत उलटून गेली असेल तर दरमहा ५०० रुपयांचा दंड साठत जातो, म्हणून गाडी दुरुस्त होईपर्यंत थांबू, मग बघू, हा हिशेब महागात पडतो. मूळ नोंदणीपुस्तक, वारसाच्या नावावर गाडी करण्याचे कागद, विमा, हे सगळं पहिला पत्रा कापायच्या आधी जुळवायचं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, पण त्या गाड्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत, आणि आपली कॉन्टेसा तेवढी जुनी नाहीही. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले तसे आपल्याकडे नाहीत.

धारच्या परिवहन कार्यालयात निरीक्षकांनी चासी नंबरचा पेन्सिलने छाप घेतला, दिवे, हॉर्न, वायपर, टायर पाहिले, स्वतः बसून ब्रेक मारला. धुराच्या तपासणीत या काळातल्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतं. आमचं त्याच्या बऱ्यापैकी खाली आलं. नीट होन केलेला सिलिंडर आणि नीट जुळवलेला कार्बोरेटर असला की जुनं इंजिनही स्वच्छ जळतं. जुनी गाडी म्हणजे धूर, हे समीकरण मला मान्य नाही. धूर दुर्लक्षाचा असतो.

नव्या रिंगा बसेपर्यंत इंजिन एकाच वेगाने ताणायचं नाही, चढावर दमवायचं नाही. म्हणून आधी धार ते घाटाबिल्लोद आणि परत, असं रोज थोडं थोडं चालवलं. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला बदललं, फिल्टर कापून आत पाहिलं. धातूची बारीक चमक होती, तुकडे नव्हते. हेडचे बोल्ट परत ठरल्या ताणाने आवळले, टॅपेट जुळवले. त्यानंतर काकू मांडूला जाऊन आल्या, पुढच्या सीटवर, पट्टा लावून, आणि गाडी मुलाने चालवली. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही, हे मी त्याच्याकडून आधी दोनदा म्हणवून घेतलं होतं.

त्याला आता एसी बसवायचा आहे. मी म्हटलं, रेडिएटर त्या भारासाठी पुरा पडतो का ते एप्रिल-मेच्या उन्हात बघू, मग ठरवू. सिलच्या आत गंजरोधक मेण मारलेलं आहे. पावसाळा संपला की ते पुन्हा मारायचंय, त्यासाठी गाडी दसऱ्याच्या सुमारास परत पीथमपूरला येईल.